ब्लँकेट वर रुंद होत चालले आहे, उसवू का?

प्रश्न: मी नुकतीच विणायला शिकले असून पहिलेच ब्लँकेट हाती घेतले आहे. मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर आणि 5 मिलिमीटरच्या सुया घेऊन 110 टाके घातले आणि सगळ्या ओळी सुलट विणत गेले. 40 सेंटीमीटर विणून झाल्यावर सपाट पसरून पाहिले, तर खालची कड 61 सेंटीमीटर आणि सुईजवळची रुंदी 73 सेंटीमीटर भरली. सुईवरचे टाके मोजले, ते 124 निघाले. मधल्या भागात 10 सेंटीमीटरला 17 टाके बसतात. विणीत कुठे भोक नाही, पण दोन्ही कडा नागमोडी झाल्या आहेत आणि कडेचे टाके कुठे ढिले, कुठे आवळलेले आहेत. ओळखीच्या एक बाई म्हणतात की प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका घट्ट ओढत जा. दुसऱ्या म्हणतात की पूर्ण झाल्यावर इस्त्री फिरवली की कडा सरळ होतील. यातले काय करू? की सगळेच उसवू? पुढचे ब्लँकेट एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणायचे मनात आहे, त्याबद्दलही सांगावे.

उत्तर: तुम्ही पत्र लिहिण्याआधी मोजमाप केले आणि टाकेही मोजले, त्यामुळे माझे अर्धे काम झाले आहे. वाकड्या कडांची तक्रार करणारी बहुतेक पत्रे “माझा हात सैल आहे” या वाक्याने सुरू होतात आणि त्यात टाक्यांचा आकडा नसतो; त्यामुळे दोष हाताचा आहे की संख्येचा, हे कळायला मार्ग राहत नाही. कड वाकडी होण्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक तर टाक्यांची संख्या बदललेली असते, किंवा संख्या तीच राहूनही कडेच्या टाक्यांचा ताण कमीजास्त झालेला असतो. लांबून पाहिले तर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र त्यांचे उपाय अगदी निराळे आहेत, आणि तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले संख्येच्या दोषाला हातच लावत नाहीत.

तुमचेच आकडे पुन्हा पाहू. 10 सेंटीमीटरला 17 टाके या हिशेबाने 110 टाक्यांची रुंदी सुमारे 65 सेंटीमीटर आणि 124 टाक्यांची सुमारे 73 सेंटीमीटर यायला हवी. सुईजवळ तुम्हाला बरोबर 73 सेंटीमीटरच मिळाले, म्हणजे तुमचा हात आतल्या भागात एकसारखा चालतो आहे, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. खाली मात्र 65 ऐवजी 61 सेंटीमीटर आहेत. एकूण 12 सेंटीमीटरच्या फरकापैकी 8 सेंटीमीटर वाढीव 14 टाक्यांमुळे आले आणि उरलेले 4 सेंटीमीटर सुरुवातीला टाके आवळून घातल्यामुळे.

आता हे 14 टाके आले कुठून ते पाहू. विणीत भोक नाही आणि दोन्ही कडा सारख्याच पसरल्या आहेत, या दोन गोष्टींवरून माझा संशय ओळीच्या पहिल्या टाक्यावर आहे, आणि नवशिक्यांच्या बाबतीत तो सहसा खरा ठरतो. ओळ संपवून काम फिरवल्यावर विणायची लोकर डाव्या सुईवरच्या पहिल्याच टाक्यातून निघून तुमच्या बाजूला लोंबत असते. ती मागे नेताना जर सुईच्या वरून ओढून नेली, तर त्या टाक्याखालचा फास वर खेचला जातो आणि एकाच टाक्याचे दोन पाय सुईवर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. नवख्या नजरेला ते दोन टाके वाटतात, हात ते दोन्ही विणून मोकळा होतो, आणि ओळीत एक टाका वाढतो. भोक पडत नाही, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. यावर उपाय इतकाच आहे की काम फिरवल्यावर लोकर आधी सरळ खाली सोडायची, पहिल्या टाक्याला एकच फास आहे याची खात्री करायची आणि मग ती सुईच्या टोकाखालून मागे न्यायची.

सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत दोन ओळींचा मिळून एक कंगोरा दिसतो आणि त्या कंगोऱ्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. त्या मानाने तुमच्या 40 सेंटीमीटरमध्ये सुमारे 136 ओळी झाल्या असाव्यात. त्यांतल्या 14 ओळींच्या सुरुवातीला चूक झाली, म्हणजे बाकीच्या 120 हून अधिक ओळींची सुरुवात तुम्ही बरोबरच केली आहे. चूक क्वचित होते म्हणूनच ती सापडत नाही.

टाके चुकण्याच्या इतर वाटा थोडक्यात सांगतो. सुलट विणताना लोकर चुकून पुढे राहिली तर ती सुईवरून वळसा घेऊन मागे जाते, पुढच्या ओळीत तो वळसा टाका म्हणून विणला जातो आणि तिथे भोक पडते. तुमच्याकडे भोक नसल्याने हे कारण बाद करता येते. लोकरीचे पदर सैल असतील तर सुईचे टोक एकाच टाक्याच्या पदरांत घुसते आणि एकाचे दोन होतात. टाका सुटून खाली घसरला किंवा नकळत दोन टाके एकत्र विणले गेले, तर संख्या घटते. ओळीच्या मध्यावर काम खाली ठेवून उठलात आणि परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला लागलात, तर संख्या तीच राहते, पण एका बाजूला दोन ओळी जास्त होऊन ती बाजू उंच होते. शेवटची चूक टाळायला एकच सवय पुरते: उठायचे ते ओळ पूर्ण करूनच. ते जमणार नसेल, तर परत बसताना लोकर ज्या सुईवरून निघते ती सुई उजव्या हातात घ्यायची.

तुमच्या विणीसाठी मी एक पद्धत आग्रहाने सुचवतो, कारण तिने संख्या आणि ताण हे दोन्ही प्रश्न एकदमच आटोक्यात येतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणूच नका. काम फिरवल्यावर लोकर तुमच्या बाजूला असतेच, ती तशीच पुढे राहू द्या. उलट टाका विणताना सुई जशी उजवीकडून डावीकडे घालतो तशी घालून पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, मग लोकर दोन्ही सुयांच्या मधून मागे न्या आणि दुसऱ्या टाक्यापासून ओळीच्या शेवटच्या टाक्यापर्यंत सगळे टाके सुलट विणा. पहिला टाका विणला जात नसल्यामुळे त्याचे दोन पाय विणले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय न विणलेला टाका दोन ओळींच्या उंचीवर पसरतो, या विणीच्या ओळी बुटक्या असल्याने तो तिथे नेमका मावतो आणि कडेला एकाखाली एक अशी साखळी तयार होते. साखळीचा एक दुवा म्हणजे दोन ओळी, हेही सोयीचे, कारण कडेवरून बोट फिरवून ओळी मोजता येतात. पहिल्या आठ-दहा ओळींत साखळी वेडीवाकडी दिसली तर घाबरू नका. न विणता घेतलेला टाका एकदा पिळून आणि एकदा सरळ घेतला जात असेल तर असे होते. सुई प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने घातली की ती आपोआप सुधारते.

मोजणीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. “अधूनमधून मोजत जा” हा सल्ला कुणीच पाळत नाही, कारण 110 टाके एकेक करून मोजणे कंटाळवाणे असते आणि मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरतो. म्हणून सुईवर खुणेच्या कड्या घाला. विकतच्या नसतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे छोटे फास बांधले तरी चालतात. तुमच्या 110 टाक्यांची विभागणी छान होते: दोन्ही कडांना 5-5 टाके आणि मध्ये 20-20 टाक्यांचे पाच भाग. विणताना कडी आली की ती टाक्यासारखीच डावीकडून उजव्या सुईवर सरकवायची. चुका बहुतेक कडेलाच होतात, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या आरंभी आणि शेवटी फक्त ते पाच टाके पाहिले तरी पुरते. पाच मोजायला नजर टाकण्याइतकाच वेळ लागतो. मधले भाग पाच-सहा कंगोऱ्यांनी एकदा तपासा. एखाद्या भागात 21 टाके निघाले तर चूक कोणत्या भागात आहे हे लगेच कळते आणि सगळी ओळ धुंडाळावी लागत नाही.

आता शेवटचा टाका ओढण्याच्या सल्ल्याकडे येऊ. कडेचा टाका ढिला होतो याचे कारण त्याला एकाच बाजूला शेजारी असतो. आतल्या टाक्यांमधला जादा सैलपणा दोन्हीकडे वाटला जातो, कडेला मात्र तो जाऊन साचतो. शेवटचा टाका जोरात ओढला की तो शेजारच्या टाक्यातली लोकर खेचून घेतो, मग तो शेजारचा ढिला दिसतो, आणि प्रत्येक ओळीला असे ओढत राहिलात तर कड मधल्या भागापेक्षा आखूड होऊन ब्लँकेटच्या पोटाला फुगवटा येतो. सैल कडेला धुऊन आणि पसरून थोडे तरी सावरता येते, आवळलेल्या कडेला काहीच करता येत नाही. त्यामुळे ओढायचेच असेल तर शेवटचा टाका ओढू नका. नवी ओळ सुरू केल्यावर दुसरा टाका विणून झाला की लोकर एकदा हलकेच ताणा, तेवढ्याने पहिल्या टाक्यातला ढिलेपणा निघून जातो. टाके सुईच्या निमुळत्या टोकावर न विणता जाड भागावर घेऊन विणा, कारण टोकावर विणलेला टाका बारीक होतो आणि मग सुईवर सरकायलाही कुरकुर करतो.

सुयांविषयीही एक गोष्ट सांगतो. ब्लँकेट वाढत जाते तसे त्याचे वजन सरळ सुयांच्या टोकांवर येते, मनगट दमते आणि ओळीच्या शेवटाकडे ताण बदलतो. 80 किंवा 100 सेंटीमीटर लांबीच्या गोल सुईवर, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, सपाट वीण अगदी नीट होते, आणि सगळे वजन मांडीवर राहते. फक्त ओळ संपल्यावर काम फिरवायला विसरू नका, नाहीतर दोन्ही टोके जोडली जाऊन नळी तयार होईल.

खालची कड आखडली तिचे कारण टाके घालताना प्रत्येक टाका आवळून शेजारच्याला चिकटवून बसवला जातो, हे आहे. नुसती जाड सुई घेऊन हा दोष पूर्ण जात नाही, कारण कडेची लांबी टाक्याच्या घेरापेक्षा दोन टाक्यांमधल्या अंतरावर अधिक अवलंबून असते. तुम्ही दोन्ही करा: टाके 6 मिलिमीटरच्या सुईवर घाला आणि दोन टाक्यांमध्ये किंचित मोकळी जागा सोडत जा, पहिली ओळ मात्र 5 मिलिमीटरच्या सुईने विणा. घातलेले टाके सुईवर सहज मागेपुढे सरकले पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर ते काढून पुन्हा घालणे तिथेच परवडते.

इस्त्रीचा विचार मात्र मनातून काढून टाका. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा आहे, तो उष्णतेने मऊ पडून लुळा होतो आणि त्याची उसळी गेली की ती परत येत नाही. खऱ्या लोकरीचे तसे नाही. ती थंड पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढून, सपाट जागी टाचण्यांनी हव्या त्या मापात ताणून वाळवली की बरीच सरळ होते. पण लोकर कोणतीही असो, पाणी आणि वाफ यांना 124 टाक्यांचे 110 करता येत नाहीत.

तेव्हा तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे, की होय, उसवा, आणि अगदी मुळापासून उसवा. जिथे पहिली चूक झाली तिथपर्यंत मागे जाता येईल असा विचार तुमच्या मनात येईल, पण 14 टाके 40 सेंटीमीटरभर विखुरलेले आहेत, त्यामुळे अर्धे उसवले तरी निम्मे जादा टाके राहणारच, आणि आखडलेली खालची कड तर पहिल्याच ओळीत आहे. सुईवरचे 14 टाके आता कमी केले तर मध्ये रुंद आणि वर अरुंद असा तिसराच आकार मिळेल. उसवताना लोकर जोरात ओढू नका, सैल गुंडा करत जा. ॲक्रिलिकची उसवलेली लोकर थोडी कुरळी दिसली तरी तशीच वापरता येते.

संख्येत दोन-तीन टाक्यांचाच फरक असता आणि खालची कड ठीक असती, तर मी उसवायला सांगितले नसते. अशा वेळी जिथे टाका वाढला त्या बाजूला, कडेपासून पाच-सहा टाके आत, दोन टाके एकत्र सुलट विणून एक कमी करावा आणि दुसरा कमी करायचा असेल तर चार-सहा ओळी जाऊ द्याव्यात. कंगोऱ्यांच्या विणीत ही दुरुस्ती शोधूनही सापडत नाही. वाढलेला टाका त्याच ओळीत लक्षात आला, तर अर्थातच एकेक टाका उलटा सोडवत तिथपर्यंत जाणे सर्वांत चांगले.

नवा गुंडा जोडताना पुष्कळजण तो ओळीच्या सुरुवातीला जोडतात. शिवणीत लपणाऱ्या कडेसाठी ते योग्य आहे. पण ब्लँकेटची कड उघडीच राहते, तिथे दोन टोके आली की कडेचे दोन टाके सैल पडतात आणि साखळी तुटलेली दिसते. एकाच रंगाची लोकर असेल तर कडेपासून आठ-दहा टाके आत जोडा आणि टोके नंतर मोठ्या सुईने कंगोऱ्यांत ओवून टाका.

पुढच्या ब्लँकेटबद्दल विचारता आहात, तर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट या विणीच्या कडा स्वभावतःच वळतात: डावी-उजवी कड मागच्या बाजूला आणि वरची-खालची कड पुढच्या बाजूला. यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो आणि कितीही सरळ विणले तरी ती वळतेच. म्हणून दोन्ही बाजूंना 6 ते 8 टाके सगळ्या ओळींत सुलट ठेवा, म्हणजे उलट ओळीतही पहिले आणि शेवटचे 7 टाके सुलटच विणा, आणि आरंभी व शेवटी 10-12 ओळी पूर्ण सुलट घ्या. पट्टी याहून फार रुंद करू नका, कारण सुलट ओळी बुटक्या असतात, आणि रुंद पट्टी मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी आखडून धरते. अरुंद पट्टी मात्र त्याच्याबरोबर ताणली जाते. पहिला टाका न विणता घेण्याची पद्धत या पट्टीवर जशीच्या तशी चालते. उलट ओळीत पट्टी संपून उलट टाके सुरू होतात तिथे लोकर पुढे घ्यायची आणि दुसऱ्या पट्टीपाशी पुन्हा मागे न्यायची असते. ती सुयांच्या मधून न नेता सुईवरून गेली की जादा टाका आणि भोक दोन्ही पडतात, म्हणून खुणेच्या कड्या नेमक्या या दोन जागी घाला. पुष्कळांचा हात उलट ओळीत सैल पडतो. तसे दिसले तर उलट ओळ 4.5 मिलिमीटरच्या सुईने विणावी.

आता राहते ती वरची कड. टाके बंद करतानाही हात आवळला जातो आणि सरळ विणलेल्या ब्लँकेटचा वरचा भाग शेवटच्या ओळीत आक्रसतो, त्यामुळे इथेही उजव्या हातात 6 मिलिमीटरची सुई घ्या. रुंदीच्या किमान चौपट, म्हणजे तुमच्या मापाला निदान पावणेतीन मीटर लोकर शिल्लक असल्याची खात्री करून मगच सुरुवात करा. ती अपुरी पडेल अशी धास्ती असली की हात आपोआप काटकसर करू लागतो. पंचवीस-तीस टाके बंद झाल्यावर तो भाग खाली ठेवून खालच्या कडेशी ताडून पाहा. शेवटचा एक टाका राहतो तो नेहमी मोठा होऊन कोपऱ्याला कानासारखा बाहेर येतो. तो विणण्याआधी त्याच्या लगेच खालच्या टाक्याचा फास सुईच्या टोकाने उचलून त्याच्याशेजारी डाव्या सुईवर ठेवा, दोन्ही मिळून एक सुलट टाका विणा आणि मगच आधीचा टाका त्यावरून काढा. उरलेले टोक त्याच कोपऱ्यातून कडेच्या साखळीच्या आतल्या बाजूने चार-पाच कंगोरे खाली ओवून परत वर आणा आणि कापा.